नव्या मेंदूपेशींची बातमी खरी आहे, पण त्यासाठी एफडी मोडू नका

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "बाबा ६१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होऊन पक्षाघात झाला. काठी घेऊन चालतात, उजवा हात मात्र कामाचा नाही. बोललेलं बरंचसं कळतं, पण शब्द तोंडाशी येऊन अडतात. चौथ्या महिन्यानंतर फिजिओ म्हणाले की आता प्रगती थांबली, तेव्हापासून व्यायाम बंदच आहे. आता एका सेंटरवाल्यांनी कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून टोचायचं साडेचार लाखांचं पॅकेज सांगितलंय. मोठ्या वयातही मेंदूत नव्या पेशी तयार होतात, असं २०२५ मध्ये सिद्ध झालंय म्हणून त्यांनी बातमीचं कात्रणही दिलं. दादा म्हणतो एफडी मोडू या. काय करावं? आणि हात पूर्ण येईल का?"

आधी उत्तर देतो. हे पॅकेज घेऊ नका. बाबांचे व्यायाम मात्र याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. मी ठाण्यात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो आणि पक्षाघातानंतरचे रुग्ण हा माझ्या ओपीडीचा मोठा भाग आहे. त्यामुळे हाच प्रश्न वेगवेगळ्या रकमांसह माझ्यासमोर येत असतो. कात्रणातली बातमी खोटी असती तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं. ती खरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहावं लागतंय.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने जुलै २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाळांपासून ७८ वर्षांच्या माणसांपर्यंतच्या, मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंमधला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित आतला भाग, त्यांनी एकेका पेशीच्या पातळीवर तपासला. प्रौढांमध्येही विभाजन होत असलेल्या, पुढे चेतापेशी होऊ शकणाऱ्या पूर्वज पेशी त्यांना सापडल्या. सगळ्यांमध्ये सारख्या नाहीत, काहींमध्ये भरपूर तर काहींमध्ये जवळजवळ नाहीतच.

हा वाद साठ वर्षं चालू आहे. १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या चेतापेशी बनतात असं दाखवलं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. प्रौढ मेंदूत जे आहे तेच आहे, नवं काही येत नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इतकं पक्कं बसलं होतं. १९९८ मध्ये कर्करोगाच्या काही रुग्णांमुळे माणसातला पहिला ठोस पुरावा मिळाला. विभाजन होणाऱ्या पेशींवर खूण करणारा एक पदार्थ त्यांना तपासणीसाठी दिलेला होता, आणि मृत्यूनंतर ती खूण हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींत दिसली. २०१३ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने आणखी कल्पक मार्ग काढला. १९६३ पूर्वी वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं आणि नंतर हळूहळू उतरलं. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतलं कार्बन तिच्या डीएनएमध्ये कायमचं राहतं, म्हणजे तिच्यावर जन्मसाल कोरलेलंच असतं. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी सामील होतात.

मग २०१८ आलं. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं की प्रौढ माणसात अशा पेशी सापडतच नाहीत. महिनाभरात न्यूयॉर्कच्या गटाने लिहिलं की सत्तरी ओलांडलेल्यांतही सापडतात. पुढच्या वर्षी माद्रिदच्या संशोधकांनी दाखवलं की मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात किती वेळ बुडवून ठेवला यावर बरंच काही अवलंबून असतं. जास्त वेळ ठेवला तर कोवळ्या चेतापेशी ओळखण्याची खूणच पुसली जाते. सापडलं नाही आणि नव्हतंच, यात केवढा फरक असतो! या विषयावर आपल्याकडेही उत्तम काम झालंय. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) विदिता वैद्य यांनी नैराश्य, सेरोटोनिन आणि हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे.

आता कात्रणात नसलेला भाग. या सगळ्या संशोधनातली जागा बघा: हिप्पोकॅम्पस, आणि त्यातलीही एक छोटी पट्टी. तिचा संबंध आठवणींशी आणि भावनांशी. बाबांच्या मेंदूतली इजा हिप्पोकॅम्पसमधली नाही. उजव्या हाताची ताकद आणि शब्द एकदम गेले, म्हणजे डाव्या बाजूच्या मधल्या धमनीच्या हद्दीतलं, वरच्या कवचाचं आणि त्याखालच्या तंतूंचं नुकसान असणार. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'एमसीए' अशी अक्षरं दिसतील.

तिथे नव्या पेशी येतात का? हा प्रश्न त्याच फ्रिसेन गटाने सहकाऱ्यांसह तपासला होता. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या कवचातल्या चेतापेशींचं वय त्यांनी कार्बन-१४ च्याच पद्धतीने काढलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: तिथे नव्या चेतापेशी तयार झालेल्याच नव्हत्या. म्हणजे ज्या प्रयोगशाळेच्या नावाने तुम्हाला पॅकेज विकलं जातंय, तिनेच अकरा वर्षं आधी बाबांच्या प्रश्नाचं नकारार्थी उत्तर देऊन ठेवलंय. सेंटरवाल्यांनी ते कात्रण दिलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

उंदरांमध्ये पक्षाघातानंतर काही कोवळ्या पेशी इजेच्या दिशेने सरकतात, हे २००२ मध्ये स्वीडनमध्येच दिसलं होतं. पण त्यातल्या बहुतेक वाटेत मरतात, आणि ज्या टिकल्या त्यांनी मेलेल्या पेशींपैकी जेमतेम ०.२ टक्के जागा भरली. एक आकडा शेजारी ठेवा. मोठ्या धमनीत गुठळी अडकली की उपचार होईपर्यंत दर मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात. एकीकडे मिनिटाला १९ लाख आणि दुसरीकडे, तेही भलत्याच जागी, दिवसाला ७००.

दुसरी एक बातमीही तुमच्यापर्यंत येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मेंदूत चेतापेशींइतक्याच संख्येने इतर पेशी असतात, त्यांतल्या ताराकृती पेशींना अॅस्ट्रोसाइट म्हणतात. एक जनुक बंद करून अॅस्ट्रोसाइटचीच चेतापेशी बनवली, असा दावा २०२० मध्ये दोन नामांकित नियतकालिकांत आला आणि आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. २०२१ मध्ये टेक्सासच्या एका गटाने पेशींची वंशावळ काटेकोरपणे तपासली. तथाकथित नव्या चेतापेशी मुळात तिथे आधीपासूनच होत्या, खूण करायला वापरलेला विषाणू त्यांच्यातही शिरला होता, एवढंच. खूण फसवी निघाली की अख्खा निष्कर्ष कोसळतो. असे दावे-प्रतिदावे प्रयोगशाळेत चालू असेपर्यंत ठीक, त्यावर रुग्णाकडून पैसे घ्यायला लागले की बिघडतं.

आता टोचण्याबद्दल. कमरेच्या हाडातल्या मज्जेत मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात हे खरं, पण त्या रक्त तयार करणाऱ्या आणि हाड-चरबी-कूर्चा बनवणाऱ्या. त्या मेंदूत जाऊन हाताची हालचाल चालवणारी चेतापेशी होत नाहीत. शिरेतून सोडल्या तर बऱ्याचशा फुफ्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांतच अडकतात. त्या काही उपयुक्त रसायनं स्रवून मेंदूला मदत करत असतील, ही कल्पना वाईट नव्हती. म्हणूनच तिची चाचणी झाली, आणि तीही भारतात. एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत १२० रुग्ण घेतले. निम्म्यांना पक्षाघातानंतर महिन्याभराच्या आत त्यांच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, उरलेल्यांना नाहीत. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जपानमध्ये दात्याच्या पेशी पहिल्या दीड दिवसातच देऊन बघितल्या, २०६ रुग्ण, २०२४ मध्ये निकाल: मुख्य निकषावर फायदा नाही. अमेरिकेत जुन्या पक्षाघातात कवटीला भोक पाडून थेट मेंदूत पेशी सोडल्या. पहिल्या १८ रुग्णांत इतकी सुधारणा दिसली की वर्तमानपत्रांनी मथळे केले. मग मोठी चाचणी झाली, त्यात तुलनेसाठी काही जणांवर नुसती खोटी शस्त्रक्रिया केली होती, आणि २०१९ मध्ये मुख्य निकषावर ती अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. सेंटरच्या भिंतीवर लावलेले 'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ बघताना हे १८ जण आठवावेत. आशा, जोडीला जोरात केलेला व्यायाम आणि निसर्गतः होणारी सुधारणा, हे सगळं त्या इंजेक्शनच्या खात्यात जमा होतं.

नुकसान होत नसेल तर करून बघू, असं दादा म्हणेल. नुकसान होऊ शकतं. पक्षाघातानंतर तीन देशांत जाऊन पाठीच्या कण्यातून अशा पेशी टोचून घेतलेल्या एका अमेरिकी गृहस्थांच्या कण्यात गाठ वाढली. त्या गाठीतल्या पेशींचा डीएनए त्यांचा नव्हताच. हे २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. असे प्रकार दुर्मिळ आहेत, पण फायदा शून्य असेल तर दुर्मिळ धोकाही कशाला घ्यायचा?

नियमही स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगैरे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, उपचार म्हणून विकता येत नाहीत. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, मज्जा प्रत्यारोपण होतं, तो खराखुरा स्टेम सेल उपचार. 'आमचीही ट्रायलच आहे' असं सेंटरवाले म्हणाले, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः बघा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, म्हणून एथिक्स कमिटीचं आणि औषध नियंत्रकांचं पत्रही मागा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. साडेचार लाख मागितले तिथेच ती चाचणी नाही हे कळलं.

पेशींचे सगळेच उपचार थोतांड आहेत असं मात्र मी म्हणत नाही. पार्किन्सनमध्ये खरं काम चाललंय. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये दोन चाचण्या आल्या, एक उत्तर अमेरिकेतली १२ रुग्णांची, दुसरी क्योतोची ७ रुग्णांची. प्रयोगशाळेत मुद्दाम डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशींच्या मार्गावर वाढवलेल्या पेशी शस्त्रक्रियेने नेमक्या जागी ठेवल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, मग स्कॅनमध्ये त्या जगल्याचं दिसलं. पण पार्किन्सनमध्ये मुख्यतः एकाच जातीच्या पेशी जातात आणि त्यांचं काम एक रसायन पुरवण्याचं. पक्षाघातात अनेक जातींच्या पेशी, त्यांच्यातले जोड आणि थेट मणक्यापर्यंत जाणारे लांब तंतू एकदम जातात. तिथे नुसती पेशी ठेवून भागत नाही.

मग बाबा पहिल्या चार महिन्यांत सुधारले ते कशामुळे? सुरुवातीला सूज उतरली, आणि मेलेल्या भागाभोवतीचा अर्धवट बंद पडलेला भाग पुन्हा चालू झाला. त्यानंतर जिवंत चेतापेशींनी नवे फाटे फोडून नवे जोड जुळवले. तीन हात नाक्यावर खोदकाम निघालं की रिक्षावाले आतल्या गल्ल्या शोधतात, तसं काहीसं. नव्या रिक्षा आणून तिथे काही होत नाही, रोज त्या गल्लीतून जावं लागतं. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो यांनी माकडांवर हे दाखवलं. हाताच्या भागाला इजा झाल्यावर सराव करून घेतला तर मेंदूने शेजारची शाबूत जागा हाताच्या कामाला लावली. सराव नसला तर उरलेली हाताची जागाही आक्रसत जाते. तुमच्यासाठी या संपूर्ण उत्तरातली महत्त्वाची ओळ तीच आहे, कारण बाबांचा सराव चौथ्या महिन्यापासून बंद आहे.

पेशींच्या पातळीवर अलीकडे कळलेलं काही फार रोचक आहे. २०१० मध्ये उंदरांत दिसलं की इजेभोवतीच्या चेतापेशींवर गाबा या रसायनाचा ब्रेक दाबलेलाच राहतो. सुरुवातीला हा ब्रेक पेशींना वाचवतो, पुढे तोच शिकण्याच्या आड येतो. २०१९ मध्ये सीसीआर५ नावाचा रेणू समोर आला. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरायला वापरतो तोच हा. पक्षाघातानंतर चेतापेशींत त्याचं प्रमाण वाढतं आणि नवे जोड होण्याला खीळ बसते. उंदरांत तो दाबला तर सुधारणा वाढली, आणि ज्या माणसांत तो जन्मतःच निकामी असतो त्यांची प्रकृतीही अधिक चांगली सुधारलेली दिसली. यातून औषध निघेल अशी मला आशा वाटते. पण सीसीआर५ वरची एचआयव्हीची गोळी मिळते म्हणून कुणी लिहून दिली, तर आज घेऊ नका.

'प्रगती थांबली' या वाक्याशी माझं भांडण आहे. वेग मंदावतो, हे मान्य. २०२१ च्या एका अमेरिकी चाचणीत नेहमीच्या उपचाराखेरीज २० तासांचा जादा सराव दिला. दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर दिला तेव्हा सर्वाधिक फायदा झाला, सहा महिन्यांनंतर दिला तेव्हा लक्षणीय फरक पडला नाही. बाबांची ती सुवर्णवेळ गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण २० तास म्हणजे किती कमी! लंडनच्या क्वीन स्क्वेअर या मेंदूविकारांच्या रुग्णालयात जुन्या रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचं काम करून घेतात. २०१९ मध्ये त्यांनी २२४ जणांचे निकाल दिले, बहुतेकांच्या हातात फरक पडला होता आणि सहा महिन्यांनीही तो टिकला. तुलनेचा गट नव्हता, ही त्यातली उणीव. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मानेतून जाणाऱ्या व्हेगस चेतेला (नर्व्हला) यंत्राने विद्युत् स्पंदनं देण्याची १०८ रुग्णांची चाचणी आली. नऊ महिने ते दहा वर्षं जुने पक्षाघात होते. हात हलवण्याच्या क्षणीच स्पंदन दिलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना उपयोगी फरक पडला, नुसत्या सरावाने २४ टक्क्यांना. यंत्र बाजूला ठेवा, नुसत्या सरावानेही जुन्या पक्षाघातात चारातल्या जवळजवळ एकाला फरक पडला, हे बघा.

तुमच्या बाबांसाठी पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. उजवा हात टेबलावर पालथा ठेवून मनगट आणि बोटं जराशी वर उचलता येतात का? येत असतील तर चांगला हात जाड मोज्यात अडकवून दुबळ्या हातालाच कामाला लावण्याची पद्धत त्यांना लागू पडते. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, तीन ते नऊ महिने जुन्या पक्षाघातात, आणि फायदा वर्षभर टिकला. बाबा आठव्या महिन्यात आहेत, म्हणजे उशीर करण्याजोगी सवड नाही. केवळ मसाज आणि 'करंट' देणारा फिजिओ इथे पुरणार नाही, हाताचं काम जाणणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवा. तो आठवड्यातून दोनदा येईल, रोजचे दोन-तीन तास मात्र घरच्यांनी करून घ्यायचे: मटार सोलणं, डबा उघडणं, कपडे चिमट्याने अडकवणं. त्याने लिहून दिलेल्या क्रमाने, दर आठवड्याला थोडं अवघड करत. नुसतं घरच्यांवर सोपवूनही चालत नाही. भारतातच १२५० रुग्णांवर कुटुंबाने घरी व्यायाम करवण्याची मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

बोलण्याबद्दल मी अधिक आशावादी आहे. जर्मनीत सुमारे दीडशे जणांवर, सहा महिन्यांहून जुन्या वाचाघातात, आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे स्पीच थेरपी दिली. २०१७ मधला निकाल: रोजच्या संभाषणात खरी सुधारणा. इथे आठवड्याला दहा तास परवडणं कठीण, हे मला ठाऊक आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सरकारी दरात स्पीच थेरपी मिळते, तिथे चौकशी करा. बाबांना 'पाणी' म्हणता येत नाही पण गणपतीची आरती अडखळत का होईना सुरू होते, असं तुम्ही पाहिलं असेल. पाठ झालेलं आणि गायलेलं बोलणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेने चालतं. थेरपिस्ट त्याचाच हात धरून पुढे जातात. ट्रान्सहार्बरची स्टेशनं क्रमाने म्हणवून घ्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. मग मध्येच थांबून 'आपलं स्टेशन कुठलं?' विचारा. क्रमात आलेला शब्द क्रमाबाहेर वापरता येणं, इथूनच काम सुरू होतं. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तृतीयपुरुषी बोलू नका, त्यांना कळतंय.

औषधांत काटछाट करता येते का तेही तुमच्या डॉक्टरांना विचारा. सिटिकोलिनच्या गोळ्या बहुतेक डिस्चार्ज कार्डावर असतात. २०१२ ची २२९८ रुग्णांची चाचणी सांगते की फायदा नाही. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन या गोळीने हात सुधारतो ही आशाही २०१८ च्या तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीने मावळली, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्य असेल तर ती गोळी जरूर द्यावी, ते कारण वेगळं. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःहून कधीही थांबवू नका. गुठळी कुठून आली हे ठरलं नसेल तर हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे पाहण्यासाठी जास्त दिवसांची होल्टर तपासणी (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद) करून घ्या. दुसरा पक्षाघात झाला तर वर लिहिलेल्या सगळ्याचा हिशेब बदलतो.

आणि हात पूर्ण येईल का? आठव्या महिन्यात बोटं अजिबात उघडत नसतील तर पूर्ण येणार नाही, असंच मी समोर बसवून सांगितलं असतं. तेव्हा ध्येय बदलतं: हात आखडू न देणं, गरज पडली तर ताठरपणासाठी बोट्युलिनमचं इंजेक्शन, कागद दाबून धरायला किंवा ताट सरकू न द्यायला मदतनीस हात म्हणून तो वापरणं. बोटं थोडी जरी उघडत असतील तर पेला धरणं, बटण लावणं इथवर मजल जाऊ शकते, सही बहुधा डाव्या हाताने शिकावी लागेल. बोटांचा एक छोटा व्हिडिओ काढा, एमआरआयची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड घ्या, आणि जवळच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना दादालाही सोबत न्या.